मुलासाठी नाट्यगट निवडताय? प्रयोग बघून ठरवू नका

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिच्यासाठी पहिला नाट्यगट निवडला, तो त्यांचा एक प्रयोग बघून. प्रयोग देखणा होता. पन्नासेक मुलं, एकाचंही वाक्य चुकलं नाही, कपडे झगमगीत, दिवे वेळच्या वेळी. मी त्याच आठवड्यात तिचं नाव घातलं. ती मुळात धीट, पाठांतर पक्कं, आवाज मोकळा. पहिल्याच नाटकात तिला मुख्य भूमिका मिळाली, पुढच्या नाटकातही मिळाली. दोन वर्षं घरात सगळे खूश होते.

मग तो गट सुटला आणि ती दुसरीकडे जायला लागली. तिथे पहिल्या तालमीत बाईंनी तिला एक साधा नाट्यप्रवेश दिला आणि विचारलं, "यातली मुलगी दार का उघडत नाहीये?" ती गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी कसं म्हणू ते सांगा ना, मी तसं म्हणते." मी दाराशी उभी होते. तेव्हा मला कळलं की आधीच्या गटात दिग्दर्शक प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवायचे. हात कुठे, मान कुठे, किती थांबायचं, सगळं. आणि माझी मुलगी त्याची हुबेहूब नक्कल करायची. नक्कल चांगली जमायची म्हणूनच मुख्य भूमिका मिळायच्या. अभिनय तिला कुणी शिकवलाच नव्हता. ती सवय मोडायला पुढे दीड वर्ष गेलं.

ज्यांचं मूल आधीपासूनच काही ना काही सादर करतं, म्हणजे गोष्ट सांगतं, नकला करतं, शाळेच्या नाटकात असतं, अशा पालकांसाठी हे लिहिते आहे. लाजाळू मुलाला धीट करण्यासाठी गट शोधत असाल तर यातलं काही उपयोगी पडेल, पण गरज वेगळी आहे. सादर करणाऱ्या मुलाला कुठलाही गट आनंदाने घेतो, कारण ते गटाला तयारच मिळतं. म्हणून निवड तुम्हालाच जास्त काळजीने करावी लागते.

१. गट कशासाठी हवा, ते आधी ठरवा

बाहेरून सगळे नाट्यगट सारखे दिसतात. आत मात्र फार फरक असतो. काही गटांत वर्षभर नाट्यखेळ, उत्स्फूर्त प्रवेश, आवाजाचे आणि हालचालींचे व्यायाम चालतात, आणि वर्षाच्या शेवटी पालकांपुरतं छोटं सादरीकरण होतं. काही गट प्रयोगासाठीच जमतात: संहिता निवडायची, पात्रं ठरवायची, दोन-तीन महिने तालमी, मग प्रयोग. काहींचं सगळं लक्ष स्पर्धेकडे असतं. काहींचा पाया गाणं आणि नाच हाच असतो.

शिवाय मोठ्या माणसांच्या काही नाट्यसंस्था असतात. त्यांना एखाद्या नाटकातल्या लहान भूमिकेसाठी मूल हवं असतं. तिथे मूल शिकायला जात नाही, कामाला जातं, हे स्वतःशी स्पष्ट ठेवा. अनेक देशांत बालकलाकारांच्या कामाचे तास, विश्रांती आणि परवानगी यांबद्दल कायदे आहेत. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, ते होकार देण्याआधी वाचा.

माझं मत विचाराल तर आठ-नऊ वर्षांपर्यंत पहिल्या प्रकारचा गटच चांगला, आणि सादर करणाऱ्या मुलासाठी तर नक्कीच. पालकांना वाटतं, आपलं मूल एवढं छान करतं, त्याला नुसते खेळ कशाला? ब्रिटनमधले बालनाट्याचे अभ्यासक पीटर स्लेड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच आग्रहाने मांडलं होतं की लहान मुलांचं नाट्य त्यांच्या खेळातून उगवतं. त्यांना फार लवकर प्रेक्षकांसमोरच्या रंगमंचावर उभं केलं की ती खेळणं सोडून दाखवायला लागतात. माझ्या घरात नेमकं हेच झालं. अकरा-बारा वर्षांनंतर मात्र प्रयोगाची शिस्तही हवी: ठरलेली तारीख, खरे प्रेक्षक, दुसऱ्यावर अवलंबून असलेलं काम. तेव्हा दोन्ही असलेला गट शोधा.

२. मुलाला विचारा, पण उपयोगी पडेल असं काही

"नाटकात जायचंय का?" असं विचारलं की सादर करणारं मूल हो म्हणणारच. त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी विचारा: तुला तालीम जास्त आवडते की प्रयोगाचा दिवस? ओळखीचं एकही मूल नसलं तर चालेल? पूर्ण नाटकात तुला दोनच वाक्यं मिळाली तर? नाटकातलं आणखी काय करून बघावंसं वाटतं: दिवे, नेपथ्य, लिहिणं?

माझ्या मुलीने सांगितलं होतं की तिला सगळ्यात आवडतं ते एन्ट्रीच्या आधी विंगेत अंधारात उभं राहणं. मी ते तेव्हा हसून सोडून दिलं. खरं तर त्या एका वाक्यात तिला नाटकातलं काय भावतं ते सगळं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबतीत त्याचं म्हणणं ऐकलं जावं आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्याला वजन दिलं जावं. छंदाच्या निवडीत हे आपण सहज विसरतो.

३. तीन-चार गटांची छोटी यादी करा

शाळेतले शिक्षक, ग्रंथालय, नाट्यगृहाचा सूचनाफलक, आधीपासून जाणाऱ्या मुलांचे पालक यांच्याकडून नावं मिळतात. पालकांना विचारताना "चांगला आहे का?" विचारू नका. "तुमच्या मुलाला गेल्या नाटकात काय काम होतं?" असं विचारा. ज्यांच्या मुलांना छोटी कामं मिळाली, तेच पालक गटाबद्दल नीट सांगू शकतात. मुख्य भूमिकेवाल्यांचे पालक खूशच असतात. मीही होते.

४. तालीम बघायला जा

बाकी सगळं विसरलात तरी एवढं करा.

आधी विचारून जा. पालकांना तालमीत प्रवेश नाही, असं सांगितलं तर कारण विचारा. रोज पालक बसलेले नसावेत हे मलाही पटतं. आई समोर बसली की मूल प्रवेशातल्या जोडीदाराऐवजी आईकडे बघून बोलतं. पण नाव घालण्याआधी एक तालीम, कोपऱ्यात बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू देत नसतील तर मी त्या गटात मूल पाठवणार नाही.

शक्य असेल तर दोन तालमी बघा: एक नाटक बसायला लागलं की लगेचची, आणि एक प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यातली. पहिल्या आठवड्यात सगळेच प्रेमळ असतात. शेवटच्या आठवड्यात, नेपथ्य आलेलं नसतं, दोन मुलं आजारी असतात, तेव्हा मोठी माणसं मुलांशी कसं बोलतात ते ऐका.

बसल्यावर काय बघायचं?

*वाक्य आधी कोण म्हणतं?* अर्धा तास वहीत नुसत्या खुणा करा. दिग्दर्शकाने वाक्य म्हणून दाखवलं की एक खूण, मुलाला प्रश्न विचारला की दुसरी खूण. अडखळलेल्या जागी, एखाद्या अवघड हालचालीसाठी कधीतरी करून दाखवणं चुकीचं नाही. पण अर्ध्या तासात वीस वेळा "असं म्हण" आणि एकदाही "का?" नाही, असं असेल तर तिथे नक्कल शिकवली जाते. चांगल्या दिग्दर्शकाचे प्रश्न ऐकायला फार सुंदर असतात. "तू आत्ता कुठून आलास?" "त्याच्याकडून तुला काय हवंय?" "हे तू तिला सांगतेयस की तिच्यापासून लपवतेयस?" असा एक प्रश्न मुलाला दिला की तेच वाक्य वेगळ्या आवाजात बाहेर येतं, आणि तो आवाज त्या मुलाचा असतो.

*थांबलेली मुलं काय करतात?* तीस मुलांच्या गटात चार मुलांचा प्रवेश चालू असतो. उरलेली सव्वीस दुसऱ्या खोलीत सहायकाबरोबर काही करतायत, समोर बसून प्रवेश बघतायत, की भिंतीला टेकून दीड तास मोबाईलमध्ये आहेत? फी सगळ्यांची सारखीच असते.

*चूक झाली की काय होतं?* मूल वाक्य विसरलं तर हशा होतो, ओरडा बसतो, की शेजारचं मूल सावरून घेतं? ज्या गटात मुलं एकमेकांना सावरतात, तिथे ते कुणीतरी मुद्दाम शिकवलेलं असतं.

*खेळांना काही हेतू आहे का?* आज जगभर वापरले जाणारे बरेचसे नाट्यखेळ शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांबरोबर काम करता करता रचले. प्रत्येक खेळात खेळाडूने लक्ष एकाच ठिकाणी ठेवायचं असतं. आरशाच्या खेळात दोघं समोरासमोर उभी राहतात. एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो, आणि हळूहळू कोण पुढे आणि कोण मागे हे कळेनासं होतं. तिथे मूल दुसऱ्याकडे खरोखर बघायला शिकतं. नक्कल करणाऱ्या मुलालाही या खेळाने फरक पडतो, कारण इथे समोरचा क्षणोक्षणी बदलतो, पाठ केलेलं काही चालत नाही. तालमीत खेळ झाल्यावर दोन मिनिटं त्यावर बोलणं होतं का, ते बघा. होत नसेल तर ते खेळ अंग मोकळं करण्यापुरते आहेत.

*मुलांच्या शरीराबद्दल कसं बोललं जातं?* जाड मूल विनोदी पात्राला, सावळं मूल खलनायकाला, उंच मुलगी आई म्हणून, असं सरसकट होत असेल तर सावध व्हा. हे शब्द मुलांच्या मनात वर्षानुवर्षं राहतात.

*दोन वाक्यांच्या मुलाकडे बघा.* त्याला दिग्दर्शकाने नावाने हाक मारली का? त्याच्या दोन वाक्यांवर कुणी पाच मिनिटं दिली का?

यानंतर प्रयोगही जरूर बघा, पण आता तुमची नजर बदललेली असेल. मुख्य पात्राकडे बघू नका. ज्यांना त्या क्षणी वाक्य नाही त्यांच्याकडे बघा. ती ऐकतायत, की आपल्या वाक्याची वाट बघत उभी आहेत? आणि सगळी मुलं एकाच सुरात, एकसारखे हात हलवत बोलत असतील तर तुम्ही तीस मुलांच्या अंगात एकाच मोठ्या माणसाचा अभिनय बघताय. माझ्या त्या पहिल्या देखण्या प्रयोगात हेच होतं. मला तेव्हा ती शिस्त वाटली होती.

५. शिकवणाऱ्यांशी बोला

उत्तम नट उत्तम शिक्षक असेलच असं नाही. ते मुलांबरोबर किती वर्षं काम करतात आणि त्यासाठी काय शिकले, हे विचारायला संकोचू नका. त्याशिवाय मी हे प्रश्न नेहमी विचारते:

- मुख्य भूमिका कशा ठरतात? एकाच मुलाला सलग मिळतात का?
- माझ्या मुलाला या नाटकात छोटं काम मिळालं तर त्यातून ते काय शिकेल?
- संहिता कशी निवडता? मुलांशी त्यावर बोलता का?
- मूल नको म्हणालं, एखादा प्रवेश करायला अवघडलं, तर काय करता?
- गेल्या वर्षी काही मुलं सोडून गेली का? कशामुळे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. "कुठलीच भूमिका छोटी नसते" एवढंच ऐकवलं तर ते उत्तर नव्हे. मला एका बाईंनी सांगितलं होतं, "तुमची मुलगी बोलते छान, पण समोरचं बोलत असताना ती बंद पडते. तिला मी असं काम देईन ज्यात तिला फक्त ऐकायचंय." दहा मिनिटं भेटलेल्या बाईंनी हे ओळखलं होतं. मी तिथेच नाव घातलं.

सादर करणाऱ्या मुलाच्या वाट्याला येणारा दुसरा सापळा म्हणजे एकाच साच्यातल्या भूमिका. मूल खोडकर छान करतं, म्हणून तीन वर्षं खोडकरच. गटाचं काम सोपं होतं, मूल तिथेच राहतं. हे बोलून टाका.

संहितेबद्दल थोडं. राजा, राणी, परी, बोलणारे प्राणी यांत वाईट काही नाही. पण सगळी नाटकं तशीच असतील तर मुलाला स्वतःच्या आयुष्यातलं काही रंगमंचावर आणायची संधी मिळत नाही. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांच्या रोजच्या जगातले प्रश्न नाटकात आणले: घरातली भांडणं, मोठ्यांचा धाक, मैत्री, अन्याय. तिथे बहुतेक मोठे नटच मुलांसाठी काम करतात, पण विषयांची ती वाट मुलांच्या गटांनाही मोकळी झाली. गटाच्या गेल्या काही नाटकांची नावं आणि विषय विचारा, चित्र स्पष्ट होतं.

६. सुरक्षिततेबद्दल भीड ठेवू नका

नाटकात मुलं कपडे बदलतात, अंधारात उभी असतात, उशिरापर्यंत थांबतात, मोठ्या माणसांवर पटकन विश्वास टाकतात. म्हणून नियम लेखी असायला हवेत. निदान एवढे:

कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नसेल. कपडे बदलायची जागा मुलग्यांना वेगळी, मुलींना वेगळी, आणि तिथे फोन बंद. शिक्षक मुलाला खासगी संदेश पाठवणार नाहीत. सगळे निरोप पालकांच्या गटावर किंवा पालकांना. मूल कुणाबरोबर घरी जाणार, त्यांची नावं नोंदवलेली. फोटो आणि चित्रफिती कुठे वापरणार याची लेखी परवानगी, आणि ती नंतर मागे घेता येईल अशी. मारामारी, ढकलाढकली, मिठी असे प्रसंग असतील तर ते आधी पावलापावलाने बसवलेले, आणि मुलाने नको म्हटलं की बदलणारे. तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव. ती व्यक्ती दिग्दर्शक नसावी.

"आमच्याकडे सगळं घरच्यासारखं आहे, नियम कशाला?" असं मला दोन ठिकाणी ऐकवलं गेलं. दोन्ही ठिकाणांहून मी परत आले. जिथे मुलांवर खरं प्रेम असतं, तिथे या प्रश्नांनी कुणी दुखावत नाही.

जागाही बघून घ्या. रंगमंचावर ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे बंद असताना दिसावी म्हणून, पायऱ्यांच्या आणि कडांच्या जागी चमकणारी पट्टी लावलेली आहे का, वायरी मोकळ्या लोंबतायत का, धुराचं यंत्र वापरतात का (दमा असलेल्या मुलांना त्याचा त्रास होतो), प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे. आणि बाहेर पडायची दारं स्वतः उघडून बघा. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सुट्टीतला खेळ म्हणून प्रेक्षकांत मुलं खूप होती. काही दारं कुलूपबंद होती, काही पडद्यांमागे झाकलेली. तालमीच्या हॉलच्या मागच्या दाराला कुलूप आणि समोर जुन्या नेपथ्याचा ढीग, हे दृश्य मी स्वतः बघितलं आहे. सांगितल्यावर त्यांनी ते लगेच हलवलं. आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

७. आवाज आणि झोप

मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं म्हणून मुलांना "ओरडून बोल" सांगितलं जातं. हे घातक आहे. आवाज पोचवणं श्वासातून, उच्चारातून आणि प्रेक्षकांकडे तोंड ठेवण्यातून शिकवतात. तालमीच्या सुरुवातीला आवाजाची तयारी करून घेतात का, ते बघा. घरी आल्यावर मुलाचा आवाज दर वेळी घोगरा होत असेल तर दिग्दर्शकांशी बोला. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. बसलेल्या आवाजाला कुजबुजून विश्रांती मिळत नाही. गप्प राहून मिळते.

मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो आणि जवळपास एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण थोडाच. या काळात गाण्याची भूमिका जुन्या पट्टीतच रेटणारा गट टाळा. एका मुलाला याच वयात सगळ्यांसमोर "आवाज गेला तुझा" म्हणताना मी ऐकलं, आणि त्याने नंतर कित्येक महिने गाणं म्हटलं नाही.

झोपेचा हिशेब करा. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तास झोपेची आहे. तालीम रात्री किती वाजता संपते, घरी पोचून जेवून झोपेपर्यंत किती वाजतात, सकाळी शाळा कधी, हे कागदावर मांडा. तांत्रिक तालीम (दिवे, आवाज जुळवण्याची) आणि रंगीत तालीम (कपडे, मेकअपसह पूर्ण नाटकाची) लांबतात, ते दोन-तीन दिवस धरून चाला. पण रोजच लांबत असेल तर ते नियोजन ढिसाळ आहे.

८. पैसे

फी सगळे सांगतात. न सांगितलेलं विचारा: कपडे आणि मेकअप कुणाचा, स्पर्धेची प्रवेशफी, प्रवास, फोटो आणि चित्रीकरण, आणि प्रत्येक पालकाने ठरावीक तिकिटं विकायची किंवा विकत घ्यायची सक्ती आहे का. मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, तेही. हे सगळं लेखी घ्या. जास्त पैसे दिले की मोठी भूमिका, असं कुणी आडून सुचवलं तर उठून या. "तुमच्या मुलाला सिनेमात काम मिळवून देतो" हे वाक्य कानावर आलं तरी तेच करा.

९. कागदपत्रं आणि सामान

नाव घालताना बहुतेक ठिकाणी हे लागतं, एका पाकिटात तयार ठेवा:

- मुलाच्या वयाचा पुरावा, प्रत
- पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो
- पालकांचे आणि आणखी एका जवळच्या व्यक्तीचे फोन नंबर
- आजार, ॲलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचं नाव, एका कागदावर
- मूल कुणाबरोबर घरी जाऊ शकतं, त्यांची नावं
- फोटो आणि चित्रीकरणाबद्दल तुमची लेखी संमती किंवा नकार
- शाळेच्या परीक्षांच्या आणि ठरलेल्या सुट्ट्यांच्या तारखा

शेवटची यादी कुणी मागत नाही, तरी पहिल्याच दिवशी द्या. पात्रं ठरल्यानंतर "त्या आठवड्यात आम्ही नाही" म्हणणं बाकी मुलांवर अन्याय आहे.

मुलाच्या पिशवीत: पाण्याची बाटली, मळले तरी चालतील असे सैल कपडे, घसरणार नाहीत असे बूट, पेन्सिल, वही. पेनऐवजी पेन्सिलच द्या, कारण हालचाली तालमीत रोज बदलतात आणि संहितेत खोडाव्या लागतात.

१०. ऑडिशन असेल तर

मिनिटभराचा एखादा उतारा तयार असू द्या, पण घासूनपुसून बसवू नका. घरात तुम्हीच "असं म्हण" करायला लागलात तर गटाला दोष देऊन उपयोग नाही. चांगला दिग्दर्शक उतारा ऐकून झाल्यावर म्हणतो, "आता हेच तू खूप घाईत आहेस असं म्हण." तिथे बसवलेलं मूल अडकतं, खेळणारं मूल खुलतं. घरी एवढाच सराव करा: तोच उतारा रोज वेगळ्या परिस्थितीत, तुम्ही सूचना न देता.

निवड झाली नाही तर कशी कळवतात, याकडेही लक्ष द्या. नावांची यादी भिंतीवर लावून मुलांना गर्दीत शोधायला लावणं मला क्रूर वाटतं.

११. पहिले तीन महिने

घरी येताना "कुठली भूमिका मिळाली?" हा प्रश्न गिळून टाका. "आज कुणाचं काम बघायला मजा आली?" असं विचारा. सुरुवातीला माझ्या मुलीला यावर उत्तरच नसायचं. तिसऱ्या महिन्यात ती अर्धा रस्ता दुसऱ्याच एका मुलाबद्दल बोलत होती, तो पाण्याचा रिकामा ग्लास कसा भरलेला वाटेल असा धरतो त्याबद्दल. तेव्हा मी निश्चिंत झाले.

सादर करणाऱ्या मुलाला नव्या गटात छोटं काम मिळालं की घरात रडारड होते. होऊ द्या. लगेच दिग्दर्शकांना फोन करू नका. एक पूर्ण नाटक जाऊ द्या. मात्र तालमीच्या दिवशी पोट दुखणं, झोप उडणं, एखाद्या मोठ्या माणसाचं नाव निघताच गप्प होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. त्याच दिवशी शांतपणे विचारा आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

१२. सोडायची वेळ आली तर

सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्या क्षणी बाहेर पडा, प्रयोग उद्या असला तरी. बाकी कुठल्याही कारणाने सोडायचं असेल तर चालू नाटक पूर्ण करा. आपल्या मुलाच्या जागी दुसरं मूल दोन आठवड्यांत उभं करणं बाकी सगळ्यांना जड जातं. प्रयोगानंतर दिग्दर्शकांना प्रत्यक्ष भेटून सांगा, मूल बरोबर असू द्या. संहिता आणि कपडे परत करा. फोटोंची परवानगी मागे घ्यायची असेल तर ते लेखी कळवा. आणि मुलाला गटातल्या मित्रमैत्रिणींना भेटायला एक दिवस काढून द्या, कारण तालमीतली मैत्री तालीम सुटली की आपोआप टिकत नाही.